मार कुठं जाणार

गगनबावड्याच्या अलीकडे डांबरी सोडली की एक पाणंद आत वळते. दोन्ही बाजूंना निर्गुडी आणि घाणेरीचं गचपण, मध्ये बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, आणि चाकोऱ्यांच्या मधोमध शेंडी राखल्यासारखी गवताची पट्टी. या पट्टीवरून गाडीचं पोट घासत जातं तेव्हाचा आवाज मला फार आवडतो. कुणीतरी नवी सुती साडी घडीतून उलगडतंय असा. पाणंद संपते तिथे ओढा, आणि ओढ्यापलीकडे मामाची वाडी.

कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यात दांडगा पाऊस बावड्याकडे पडतो. चार महिने ओढा कुणाला विचारत नाही. उन्हाळ्यात तो नुसता गोट्यांचा पसारा असतो, पण दरवर्षी पसारा नवा. मागच्या मे महिन्यात जिथे चाक ठेवून पार झालो, तिथे या मे महिन्यात म्हशीएवढा धोंडा बसलेला. लहानपणी आईच्या कमरेला धरून मी ओढा ओलांडायचे. आई गेली, मामा राहिला, आणि एसटीनं फाट्यावर उतरून दोन पिशव्या घेऊन चालणं माझ्या गुडघ्यांना परवडेना. म्हणून पन्नाशीत मी जुन्या बाजारातून एक चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतली. गाडीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष माझाच होता.

झालं ते असं. तीन वर्षांपूर्वीचा दसरा तोंडावर आलेला, ओढ्याला पोटरीभर पाणी. पुढचं उजवं चाक दोन धोंड्यांच्या बेचक्यात उतरलं आणि बसलं. शहाण्या माणसानं उतरून बघितलं असतं. मी स्टिअरिंग डावीकडे पिळलं. पॉवर स्टिअरिंगला माणसाची घाई कळत नाही, ते बिचारं सांगितलेलं काम करतं. शिवाय मी पाय दाबला. मोडल्याचा आवाज आलाच नाही. ओल्या पिळ्यानं आणखी एक वेढा घ्यावा तसं काहीतरी खालून कुरकुरलं, आणि हातातलं चक्र एकाएकी हलकं झालं. उतरून बघते तर एक चाक बावड्याकडे तोंड करून उभं, दुसरं कोल्हापूरकडे. मध्ये मी, ओल्या चपलांत, शेवंतीच्या पिशवीसकट.

वाकला होता तो टाय रॉड. करंगळीपेक्षा थोडा जाड, हातभरही नसलेला लोखंडी दांडा. वाकून धनुकली झालेला.

मामाचा पोरगा पहार आणि ट्रॅक्टरचे पाने घेऊन आला. त्यानं काय केलं ते मी तेव्हा नुसतं पाहिलं, त्याचा अर्थ पुष्कळ नंतर कळला. त्यानं नटातली पिन सरळ करून काढली, नट सैल केला, आणि हातोडा घेऊन बॉल जॉइंट ज्या लोखंडी कानात बसतो त्या कानाच्या बाजूवर दोन दणके घातले. जॉइंटवर एकही नाही. दुसऱ्या दणक्याला निमुळतं टोक आपण होऊन खाली टपकलं. मग त्यानं मोटारीच्या शेडमागून पाण्याच्या जुन्या पाइपाचा तुकडा आणला, वाकलेल्या रॉडवर टोपणासारखा सरकवला आणि पाइपाला लोंबकळून रॉड जागच्या जागी सरळ केला. सरळ म्हणजे सरळाजवळ. वाकवून पुन्हा सरळ केलेलं लोखंड मनातून थकलेलं असतं. वाकलं होतं तिथे ते ताठर होतं, आणि पुन्हा ताण आला की तडकायची जागा त्यानं आधीच ठरवून ठेवलेली असते. दोन्ही चाकांच्या कडेनं सुतळी ताणून डोळ्यांनी चाकं जुळवली आणि पन्नासएक किलोमीटर मी रांगत रांगत आले. वाटेत उसाच्या रिकाम्या टायरगाड्यांनी मला मागे टाकलं. बैलांनी वळून पाहिलं नाही हे त्यांचे उपकार.

घरी आल्यावर मी त्या हातभर लोखंडाच्या मागे लागले.

टाय रॉडचं काम सांगायला सोपं: स्टिअरिंगनं जे ठरवलं ते चाकाला कळवायचं आणि दोन्ही चाकांत बोलाचाली ठेवायची. पण ही बोलाचाली 'दोघांनी सारखं वळा' एवढी साधी नसते. खळ्यात मळणीची पात धरलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे मी सांगायला नको. तिवड्याला लागून असलेला बैल जागच्या जागी पाय टाकत आखूड फेरा घेतो, आणि कडेच्या बैलाला जवळजवळ पळावं लागतं. गाडी वळताना तिची पुढची चाकं याच दोन बैलांसारखी असतात. आतल्याला जास्त वळायचं असतं, बाहेरच्याला कमी. दोघांना सारखंच वळवलं तर एक चाक घासत जातं. म्युनिकच्या लँकेन्सपर्गर नावाच्या बग्गी करणाऱ्यानं यावर तोड काढली आणि लंडनमध्ये १८१८ साली त्याचं पेटंट घेतलं त्याच्या वतीनं रुडॉल्फ अकरमन यानं. हा अकरमन चित्रं आणि पुस्तकं विकणारा. आज जगभरच्या गॅरेजात या रचनेला अकरमनचंच नाव आहे. घाम एकाचा, नाव दुसऱ्याचं. यात आपल्याकडे कुणाला नवल वाटू नये.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हा दांडा एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत सलग जायचा, कारण पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड आसाच्या दोन टोकांना असायची. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत ज्या विलीज जीप जोडायला घेतल्या, त्यांचा पुढचा आसही असाच अखंड होता. जुवासारखा. एका खांद्याला खड्डा लागला की दुसरा खांदा वर. त्यात बसलेल्या माणसाच्या हाडांचे हाल व्हायचे, पण टाय रॉड आसाला धरूनच वर-खाली व्हायचा, त्याला वेगळी कसरत नव्हती. मग आली स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी. प्रत्येक चाकाचं ज्याचं त्याचं बघणं. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला पत्ता नाही. डांबरीवर हे फार सुखाचं. पण चाकं स्वतंत्र झाली तसा दांडाही सलग राहू शकत नाही. मध्ये दातेरी रॅक, आणि तिच्या दोन टोकांना दोन आखूड रॉड, दोन्हीकडे गोल डोक्याच्या जॉइंटवर डुलणारे. चाक वर गेलं की रॉड तिरका, खाली गेलं की उलटा तिरका. एकत्र कुटुंब फुटल्यावर वडाच्या पूजेला कुणी कुणाला आणायचं यावर रोज फोन करावे लागतात, तसं या रॉडांचं काम वाढतं.

यात एक खोड अशी की, चाकाला धरणारे आर्म एका कमानीत झुलतात आणि टाय रॉड आपल्या कमानीत. दोन झोपाळे शेजारी टांगले आणि एकाचे दोर आखूड असले तर एका झोक्यात ते बरोबर राहत नाहीत, तसं. कारखान्यातले लोक लांबी आणि जागा अशा जुळवतात की नेहमीच्या उसळीत ही चूक जाणवू नये. पण गाडी रुबाबदार दिसावी म्हणून कुणी ती दोन इंच उचलून घेतली की रॉड कायमचा तिरका होतो, खड्ड्यागणिक चाक आपलं आपण थोडं वळतं, आणि रॉडवर येणारा जोर सरळ न येता कोपऱ्यातून येतो. अमेरिकेत टोयोटानं १९८६ च्या मॉडेलपासून आपल्या चारचाकी ताकदीच्या पिकअपचा पुढचा अखंड आस काढून स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, तेव्हा खडकांत गाड्या घालणारे इतके खट्टू झाले की आजही कित्येक जण नव्या गाडीचं पुढचं अंग कापून जुना आस बसवून घेतात. मला ते नको होतं. मला खडकावर चढायचं नव्हतं, मामाकडे जायचं होतं.

तेव्हा उद्यमनगर. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी कोल्हापूर निम्मंच पाहिलं. अंबाबाई आणि रंकाळा सगळेच बघतात. इथे बोळाबोळात लेथ, फौंड्रीचा जळका वास, दुधट कटिंग ऑइलचे ओघळ आणि दारात लोखंडाचा निळसर कुरळा कीस. याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला. बाहेरून आयतं आणण्यापेक्षा 'बघूया, हितंच करू' म्हणायची इथल्या हातांची खोड जुनी आहे.

तिथल्या एका लेथवाल्या वस्तादांना मी वाकलेला रॉड दिला. त्यांनी तो डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरला, अंगठ्यानं वाक चाचपला आणि म्हणाले, "ताई, ह्यो वाकला म्हणून तुमी वाचला बगा."

मला वाटलं, देवाधर्माचं काहीतरी बोलताहेत. मी म्हटलं, "नवा बसवा, पण जाड. परत वाकता कामा नये. वेल्डिंग करून पट्टी लावता येईल?"

"स्टिअरिंगला वेल्डिंग मी लावत न्हाई." हे त्यांनी जरा रागानंच सांगितलं. नंतर चहा मागवल्यावर कारण सांगितलं. जॉइंटच्या आत ग्रीस असतं, बैठक असते. आच लागली की ते करपतं. आणि लोखंडाला कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं. बाहेरून डाग भक्कम दिसतो आणि त्याच्या कडेलाच रॉड मोडतो. वाकलेल्या रॉडवर माणूस घरी येतं, मोडलेल्या रॉडवर येत नाही. एका चाकाचा स्टिअरिंगशी संबंधच उरत नाही. ओढ्यात हे झालं तर ओल्या चपलांवर भागतं, करूळ घाटात झालं तर बोलायलाच नको.

त्यांनी सुचवली ती युक्ती मी ओढ्यात पाहिलेली होती. रॉडवर पाइप. सीमलेस नळी आतून रॉडच्या मापाची बोअर करायची, रॉडवर सरकवायची, आणि टोकाच्या लॉकनटनं जखडायची. वेल्डिंग नाही, भोक नाही, नको झालं की काढून ठेवा. फक्त तिचं आतलं टोक रॅकच्या रबरी बुटाला लागता कामा नये. बूट फाटला की ओढ्याचं पाणी आणि रेती थेट दातांत.

माझ्यासारख्या बाईला गणिताची हौस असली की पंचाईत. सडपातळ खांब दाबला तर चिरडायच्या आधी वाकतो, आणि तो केव्हा वाकेल याचं सूत्र ऑयलरनं १७४४ सालीच लिहून ठेवलंय. लांबी दुप्पट झाली तर पेलायची ताकद चौथाईवर, पण जाडी दुप्पट केली तर ती सोळापट. जाडी तिथे चार वेळा गुणली जाते. कळक पोकळ असूनही खोपीचं छप्पर पेलतो तो याच हिशेबानं: माल मधोमध कोंबण्यापेक्षा कडेला असावा. माझा रॉड सोळा मिलिमीटरचा. मी कागदावर मांडलं, बाहेरून सव्वीसची नळी घातली तर वाकायला जवळजवळ सातपट जोर लागेल. कागद मी मोठ्या दिमाखात वस्तादांपुढे ठेवला.

त्यांनी कागद वाचला नाही. हात पुसत म्हणाले, "सातपट झालं म्हणा. मग मार कुटं जाणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि गंमत म्हणजे ते मला लहानपणापासून माहीत होतं. मामाच्या सोप्यात खुंटीखाली डालडाचा एक डबा असतो. त्यात एकाच मापाचे स्वस्तातले बोल्ट. ट्रॅक्टरच्या नांगराला असा एक बोल्ट असतो. फाळ जमिनीतल्या धोंड्यावर अडला की तो कापला जातो आणि फाळ मागे कलतो. मामा शिव्या देत उतरतो, नवा बोल्ट घालतो, पुढे चालू. एका हंगामात शेजारच्या एका हुशारानं सारखे तुटतात म्हणून गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादाचा बोल्ट करून घातला होता. बोल्ट तुटला नाही. नांगराचा सबंध दांडा पिळवटून निघाला. घरातल्या कुकरलाही असंच एक मऊ बूच असतं, आपण त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतो. ते कितीही मजबूत बसवून मिळालं तरी कुणी बसवणार नाही.

वस्तादांनी बोटानं वाट दाखवली. चाक धोंड्यात अडलं. रॉड वाकेना. मग जोर जातो रॅकच्या दातांवर. दात उडाले की अख्खी रॅक बदला, जिच्या किमतीत असे किती रॉड येतात ते मोजायला नको. दात टिकले तर रॅक ज्या रबरी बुशांत धरलेली असते ते दबतात, आणि गाडी सरळ रस्त्यावरही दारुड्यासारखी थोडी हेलपाटत चालते. तेही पक्के केले तर मार चाकाला धरणाऱ्या नकलच्या त्या कानावर, ज्यावर मामाच्या पोरानं दणके घातले होते. पलीकडे चॅसी. चॅसी चिरली तर मग गाडी विकायचीही राहत नाही. "एक जागा पक्की केली की पुढली कच्ची हुती. कच्ची कुटं ठेवायची त्ये आदी ठरवाय पायजे. ती हाताला येत्या जागी आसावी आन् सस्तात आसावी."

बावीसवर तडजोड झाली. सातऐवजी साडेतीनपट. नळीही साध्या लोखंडाची, परदेशात खडकवाले वापरतात तसल्या क्रोम-मॉलिब्डेनमची नाही. मी जरा हिरमुसले हे कबूल करते. दागिन्याच्या दुकानातून बावीस कॅरेटवर समजूत काढून घ्यावी तसं वाटलं. पण नळी लेथवर चढली तेव्हा मी तिथेच बसून राहिले. टूल लोखंडाला टेकलं की आधी एक किंचाळी, मग सूर लागतो, आणि कातरी सुटत जाते, सफरचंदाच्या सालीसारखी सलग. वस्तादांचा हात चाकावर होता, पण कान नळीवर. एकदा त्यांनी मधेच थांबवलं. मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी टूल काढून घासलं, परत लावलं. नळी रॉडवर सरकली तेव्हा मधली हवा हळूच फुस्स करून बाहेर पडली. माप याला म्हणतात.

दोन्ही बाजूंचे रॉड नवे, दोन्हींवर नळ्या, रॅकचे दमलेले बुश बदलले, बूट नवे. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून नळी कुठे घासत नाही ना ते पाहिलं, मग जॅकवर चाक लोंबतं सोडून पुन्हा पाहिलं. मग अलाइनमेंट. गाडी दोन इंच उचलायचा विषय मी काढला, मोठ्या टायरांचाही. वस्ताद म्हणाले, "टायर मोटं म्हंजी लांब पहार. धोंड्याच्या हातात तुमी लांब पहार देताय." वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. नोंदणीत लिहिलेल्या गाडीपेक्षा वेगळी गाडी करून फिरू नये असं ते सांगतं. मी ऐकलं. उतरलेला एक रॉड, जॉइंटची दोन नवी टोकं, पिना, सुतळीचा गुंडा आणि पाइपाचा तो तुकडा आता मागच्या सीटखाली गोणपाटात गुंडाळलेले असतात. लोक गाडीत गणपती ठेवतात, मीही ठेवलाय, पण तो पुढे.

पहिल्यांदा परत ओढ्यात उतरले तेव्हा पाणी नव्हतं, मार्गशीर्ष होता. चक्र धरताना मी अंगठे बाहेर काढले. ही सवय वस्तादांनीच लावली. अंगठा आऱ्यांच्या आत असला आणि चाकाला धोंडा लागला की चक्र फटकन फिरतं आणि अंगठा घेऊन जातं. मुठीनं आवळायचं नाही, तळव्यावर नुसतं ठेवायचं. दळताना जात्याच्या खुंट्यावर आई हात ठेवायची तसं. तसं धरल्यावर खालचं सगळं वर येतं. गोल गोटा तळव्याला एक सांगतो, जांभ्याचा खडबडीत चिरा वेगळं सांगतो. मऊ वाळूत चाक बुडायला लागलं की चक्र आधी मुकं होतं. इतकी वर्षं मी गाडीला फक्त सांगत होते.

त्याच बेचक्यापाशी उजवं चाक परत अडलं. तळव्यांत जोर साठत गेला, नळीवाला रॉड तिथे खाली गच्च उभा होता, आणि मला स्पष्ट कळलं की आणखी थोडं पिळलं तर हे चाक निघेल. मी पिळलं नाही. चक्र सरळ केलं, गाडी हातभर मागे घेतली, उतरले, आणि धोंडा सरकतो का बघितलं. सरकला नाही. मग मामाच्या पोराला हाक मारली आणि आम्ही दोघांनी बेचक्यात चार गोटे भरून चाकाला पायरी केली. दहा मिनिटं लागली. वरून मामा बघत होता. "एवढा खर्च करून धोंडंच लावायचं हुतं तर म्या फुकट लावलं असतं की गं पोरी," म्हणाला.

वाकलेला रॉड त्यानं मागून घेतला होता. गोठ्यात गेले तर तो नव्या कालवडीच्या पुढ्यात जमिनीत ठोकलेला. टोकाचा आटा वर तसाच दिसत होता, त्यात शेण भरलेलं. पाइपानं सरळ केला होता तरी मध्ये जरा वाक राहिलाच होता. मी विचारलं, सरळ खुंटा नव्हता का? मामा दावं दोनदा फिरवून गाठ मारत होता. म्हणाला, सरळावरनं हिचं दावं सारखं निसटायचं.